अण्णांचं सिमेंट

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या काकूंचा फोन आला. "अगं, दिंडीदरवाज्यावर कागद डकवून गेलेत. अण्णांना लगेच सांगू नकोस, पण तू येऊन बघून जा."

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आता काकू एकट्याच राहतात. त्या आमच्या कुणी नात्यातल्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा माझे वडील, अण्णा, शाळेत जात होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तेव्हाचं भाडं जिथल्या तिथे थिजवलं आणि काकू अजूनही महिन्याला अठरा रुपये देतात, तेही पाकिटात घालून, वर तारीख लिहून. आम्ही कोथरूडला गेलो त्याला तीस वर्षं झाली. वाड्यात आम्ही जातो ते गणपतीत आणि कुणाला जुना दाखला हवा असला तर.

कागद अपेक्षेप्रमाणेच निघाला. पावसाळ्याच्या तोंडावर पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या अशा नोटिसा लागतात. दुरुस्ती करा, नाहीतर मोकळा करा. दोन वर्षांपूर्वीही लागली होती. तेव्हा चुलतभावानं मागच्या भिंतीला दोन लोखंडी खांबांचा टेकू दिला आणि विषय मिटला असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. आता तो टेकूच तिरका झाला होता.

घरच्यांची बैठक झाली. एक चुलतभाऊ नाशिकहून आला, दुसरा अमेरिकेतून फोनवर. दोघांचंही म्हणणं एकच: पाडू या. एका बिल्डरनं आराखडाही पाठवला होता, पार्किंगसकट. गंमत अशी की आमचा प्लॉट रुंदीला बत्तीस फूट आणि खोलीला जवळपास नव्वद फूट. पेठांतले प्लॉट असेच, लांबट आणि चिंचोळे. त्यात बाजूला सोडायची जागा, पुढे रस्तारुंदीत जाणारी जागा आणि काकूंची हक्काची खोली वजा केली, की चौघा वाटेकऱ्यांना मिळून जे उरत होतं त्यात एक जिना आणि लिफ्ट सोडून फारसं काही बसत नव्हतं. तरी पाडायचंच, कारण "दुरुस्ती म्हणजे खड्ड्यात पैसे." मी सांगितलं, आधी मोजून तरी बघू या. आपण काय पाडतोय हे कागदावर तरी असू दे. हे मी भावनेच्या भरात बोलले, हे कबूल करते. मोजायचं म्हणजे काय असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुतणी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती, मी आणि शंभर फुटी टेप, असे आम्ही सहा रविवार वाड्यात घालवले.

पहिल्याच दिवशी कळलं की या घराला फुटांची मापं कधी नव्हतीच. अण्णांना फोन करून विचारलं, माजघर केवढं? ते म्हणाले, "पाच खणी." स्वयंपाकघर तीन खणी, वरचा दिवाणखाना सात खणी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच फुटांचं. सगळं घर खणांवर बेतलेलं, आणि खण विषम हवेत ही जुन्या लोकांची रीत. आमच्या आजीला आपली साडी किती वारी हे जसं पाठ, तसं कुठल्या खोलीचे किती खण हेही पाठ होतं. पुतणीनं वहीत लिहून घेतलं: मागच्या चौकातला खण चार फूट दहा इंच. पुढच्या चौकातला पाच फूट सहा इंच. ती माझ्याकडे बघायला लागली. "आत्या, हे एका वेळचं बांधकाम नाहीये."

पुण्यात ज्याचा म्हणून वाडा आहे तो पेशवेकालीनच असतो. आमचाही होता. लहानपणी वर्गात मी तसं छातीठोकपणे सांगितलंय. पुतणीच्या सरांनी एक दुपार येऊन तो अभिमान दोन तासांत उतरवला. ते सगळ्यात आधी वर कौलांकडे गेले. मंगळोरी कौलं, आणि त्यातल्या दोन-तीनांच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का. मंगळूरचा तो कारखाना निघाला १८६५ साली, म्हणजे कौलं त्यानंतरचीच. पण कौलं बदलता येतात, म्हणून मग खिळे. पुढच्या भागात तारेचे गोल खिळे, कारखान्यातले. मागच्या भागात चौकोनी, लोहारानं ठोकलेले, कमीच. बहुतेक सांधे कुसू-खाचेचे. मग लाकूड. पुढच्या कड्यांवर करवतीच्या सरळ रेघा. मागच्या तुळयांवर तिरपा उजेड पाडला तर सुताराच्या वाकसाचे घाव दिसले, माशाच्या खवल्यांसारखे. मग विटा. मागच्या पातळ, चपट्या. पुढच्या जाड. सरांचा निष्कर्ष: मागचा चौक जुना, कदाचित पेशवाईच्या अखेरचा, पण पैज लावू नका. पुढचा चौक, बिडाचा कठडा आणि रस्त्यावरचा सज्जा इंग्रजी अमलातला. १८१८ नंतर सरदारांची बांधकामं थांबली, पण कारकून, वकील, सावकार बांधायचे थांबले नाहीत. शतकाच्या उत्तरार्धात पेठांमध्ये वाडे उठले ते त्यांचे, आणि भाडेकरू ठेवायच्या हिशेबानंच उठले. म्हणजे आमचा पुढचा चौक मुळातच भाड्यानं देण्यासाठी बांधला होता. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "मग मीच खरी जुनी."

तुलना करायला म्हणून आम्ही तिघी एका सकाळी विश्रामबाग वाडा आणि नाना वाडा बघून आलो. विश्रामबागेसमोरून मी हजार वेळा गेले असेन. दुसऱ्या बाजीरावाचा तो वाडा, १८७९ च्या आगीत त्याचे चौक जळाले, पुढे त्याच्यात कचेऱ्या भरल्या, एवढं माहीत होतं. पण मान वर करून सज्जाच्या लाकडाकडे थांबून कधी बघितलं नव्हतं. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, त्यांना खाली कमळाच्या पाकळ्या, वर महिरपी, आणि महिरपींच्या मधून लोंबणारी लाकडी केळफुलं. काकू म्हणाल्या, आपल्याकडे पण आहेत की दोन केळफुलं. आहेत. नेमकी दोन, पुढच्या ओसरीवर, आणि दिंडीवरच्या गणेशपट्टीतला गणपती. बाकी सगळे खांब चौकोनी, बिननक्षीचे. कारकुनाच्या घरानं जेवढी ऐपत तेवढंच नक्षीकाम केलं आणि उरलेले पैसे लाकडाच्या जाडीत घातले. मला ते आवडलं.

मोजणीतला सगळ्यात हैराण करणारा प्रकार म्हणजे रस्ता. जुन्या फोटोत, आत्याच्या लग्नाच्या, नवरदेव दिंडीसमोर तीन पायऱ्या चढताना दिसतो. आज दिंडीत शिरायला एक पायरी उतरावी लागते. डांबरावर डांबर पडत रस्ता वर आला आणि वाड्याचं जोतं त्याच्याखाली गेलं. पाऊस पडला की रस्त्यावरचं पाणी आधी आमच्या देवडीत येतं. काकू दरवर्षी उंबऱ्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. त्या एवढ्या सहजपणे रचतात की आम्हाला कधी त्यात काही वावगं वाटलंच नाही.

मग भिंती.

पहिल्या इंजिनियरनं लोखंडी अँगल मारून वर सिमेंटचा फवारा मारायचा अंदाज दिला होता, किंवा पाडायचा. दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी अंदाज द्यायच्या आधी एक छोटी हातोडी काढली आणि अर्धा तास नुसत्या भिंतीवर टकटक करत फिरल्या. कुठे घट्ट आवाज, कुठे पोकळ. पोकळ आवाज जिथे जिथे आला तिथे खडूनं गोल काढला. दुपारपर्यंत मागच्या चौकाची भिंत गोवर आल्यासारखी दिसायला लागली. "हे सिमेंट कधी केलंत?" त्यांनी विचारलं.

१९७४. हे मला तारखेनिशी माहीत होतं, कारण अण्णांनी ते आयुष्यभर सांगितलंय. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. अर्ज करा, हेलपाटे घाला, ओळख काढा. अण्णांनी परमिट मिळवलं, रात्री हातगाडीवरून पोती आणली आणि मागचा सगळा चौक, शिवाय पुढची ओसरी, खालपासून डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत सिमेंटनं गिलावला. जमिनीवर भर घालून सात इंच उंच केली, वर कोबा केला. "सबंध आळीत पहिलं पक्कं घर," असं ते सांगत. आळीतले लोक बघायला आले होते म्हणे.

इंजिनियर बाईंनी एका गोलात छिन्नी घातली. सिमेंटची पाटी हाताएवढी सुटून आली, खणखणीत, आतून स्वच्छ. आणि तिच्या मागे वीट नव्हतीच. विटेचं पीठ होतं, ओलसर, त्यावर पांढऱ्या बुरशीसारखा लोणा. बोट घातलं तर पेरभर आत गेलं.

कारण त्यांनी मला चहाच्या बशीवर समजावून दिलं. बशीत चहा सांडला होता, त्यात त्यांनी साखरेच्या खड्याचं टोक बुडवलं. चहा खड्यात चढत गेला. मातीची भिंत जमिनीतलं पाणी असंच वर ओढते, ते थांबवता येत नाही. पण मातीचा आणि चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंत ओली, दिवाळीपर्यंत कोरडी. असं दीडशे वर्षं चाललं. सिमेंटनं बाहेरची वाट बंद केली. मग पाणी वर चढत राहिलं, सिमेंट जिथे संपतं तिथपर्यंत. बरोबर तिथेच, डोक्यावर हातभर उंचीला, आमच्या भिंतीला दर पावसाळ्यात फुगवटा यायचा. आम्ही त्याला "ओल" म्हणायचो आणि दर दोन वर्षांनी त्यावर रंग मारायचो.

भिंत फक्त विटेची असती तर एवढंच. पण वाड्याचं वजन भिंत घेत नाही, लाकूड घेतं. भिंतीच्या पोटात खांब उभे असतात, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. भिंत म्हणजे खांबांच्या मधली भरण. त्या खांबाला पोटातल्या पोटात पन्नास वर्षं ओल लागत होती. तिसऱ्या खणावरचा खांब उघडा केला आणि मी सुताराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकडाला नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत गेला.

खालची बाजू त्याहून वाईट. जुने सुतार खांब कधी जमिनीत रोवत नसत. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंध नाही. आमचे तळखडे आम्ही कधी बघितलेच नव्हते. मला वाटायचं आमच्याकडे नाहीतच. कोबा फोडला तर सात इंच खाली, भरावात गाडलेला, काळ्या दगडाचा सुबक तळखडा निघाला. म्हणजे १९७४ साली जमीन वर घेतली तेव्हा खांबाचे पाय सात इंच ओल्या भरावात गेले. वाळवीला आणखी काय हवं.

अण्णांना हे कोण सांगणार? पुतणी म्हणाली, मी सांगते. मी म्हटलं, नको.

ते चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना गाडीतून आणलं, ओसरीवर खुर्ची टाकली. त्यांनी फोडलेल्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. मग सिमेंटची ती पाटी उचलून बघितली, उलटी करून बघितली. "माल चांगला होता," म्हणाले.

थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागले. मला पूर माहीत होता तो तारखेपुरता: १२ जुलै १९६१, सकाळी पानशेत फुटलं, दुपारपर्यंत खडकवासलाही गेलं. अण्णा बावीस वर्षांचे होते. घरातली बायका-मुलं पर्वतीच्या बाजूला पाठवून ते आणि त्यांचे काका शेजारच्या दुमजली दगडी घराच्या गच्चीवर थांबले होते, म्हणे वाड्यावर लक्ष ठेवायला. पाणी जोरात आलं नाही, असं अण्णा म्हणाले. आलं आणि वाढत राहिलं. ओसरीवर, मग कोनाड्यांपर्यंत, मग माळ्याच्या कड्यांना लागलं. भिंती पडल्या त्या पाण्याच्या लोंढ्यानं नाही. पाणी उतरायला लागल्यावर पडल्या. "चहात बुडवलेलं बिस्कीट कसं, हातात येईपर्यंत नीट असतं. तसं. मागची भिंत बसली नुसती. आवाजसुद्धा झाला नाही फार." शेजारचे दोन वाडे तसेच बसले. खांब मात्र उभे, वर छप्पर उभं, खाली भिंती नाहीत. महिनाभर प्यायचं पाणी आडातून आणि हौदांवरून आणलं, कारण धरणच गेलं तर नळाला काय येणार. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी खापरी-दगडी नळांतून आणलेलं पाणी त्या वर्षी शहराला पुन्हा आठवलं. आळीतली निम्मी घरं गोखलेनगरला, सहकारनगरला पूरग्रस्त वसाहतींत गेली, ती परत आली नाहीत.

"माती विरघळताना बघितली होती मी," अण्णा म्हणाले. "म्हणून सिमेंट."

मग काही वेळ कुणी काही बोललं नाही. काकूंनी चहा आणला. बिस्किटं आणली होती, ती कुणी घेतली नाहीत.

मी त्या दिवशी चुलतभावांना फोन केला आणि सांगितलं की मागचा चौक माझ्या खर्चानं दुरुस्त करते. वाटणीचं नंतर बघू. नाशिकच्यानं पाठिंबा दिला. अमेरिकेच्यानं "तुझे पैसे" एवढंच म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात न सांगता दोन लाख पाठवले. नातलगांचं गणित मला अजून सुटलेलं नाही.

काम नोव्हेंबरात सुरू झालं. सासवडकडचे एक मिस्त्री, घरात तीन पिढ्या देवळांच्या दुरुस्तीत गेलेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक म्हातारे सुतार. आधी भार उचलायचा. कुजलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू लावले, खाली जॅक. तुळई पन्नास वर्षांत झोळून मधे सव्वादोन इंच खाली आली होती, कारण वरच्या मजल्यावरही १९७४ साली मातीवर कोबा ओतला होता. तो आधी पाट्या-पाट्यांनी उतरवला. मला वाटलं, आता जॅक फिरवला की झालं. सुतार म्हणाले, "दिवसाला एक सूत. जास्त नाही." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रोज सकाळी ते येत, चहा घेत, जॅकचा दांडा थोडासा फिरवत, कान तुळईला लावून उभे राहत, आणि म्हणत, "पुरे." मग दिवसभर दुसरं काम. अठरा दिवस. रात्री लाकूड कुरकुरायचं. काकूंना झोप लागत नसे, पण आमच्याकडे चला म्हटलं तर ऐकत नव्हत्या. त्यांचं माहेर याच आळीत होतं आणि ते पडून तिथे सहा मजली इमारत उभी आहे. बाराव्या दिवशी वरच्या दिवाणखान्याचं दार, जे मी जन्मल्यापासून कधी पूर्ण लागलं नव्हतं, आपलं आपण मिटलं. आगळ सरकवून बघितली. बसली.

खांब सबंध बदलायचा नाही, वरचं दोन तृतीयांश लाकूड निरोगी आहे, असं सुतारांनी ठरवलं. खालचा अडीच फूट तुकडा काढून तिथे नवा जोडायचा. नवा म्हणजे जुनाच. टिंबर मार्केटच्या बाजूला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, तिथे पाडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया, चौकटी रचून ठेवलेल्या असतात. लोक हॉटेलांसाठी आणि फार्महाउससाठी नेतात. सुतारांनी एकेक तुळई नखानं खरवडून, वास घेऊन बघितली. जी घेतली तिला एका टोकाला खाच होती आणि खाचेत चुन्याचा रंग, निळसर. कुठल्या तरी घराच्या माजघरातली. वखारवाल्याला विचारलं तर त्याला पेठेचं नावही सांगता आलं नाही. फुटाच्या भावानं बोलत होता.

जोड तिरपा, एकमेकांत अडकणारा, मधे सागाच्या दोन पाचरी. खिळा एकही नाही. तळखड्यावर शिशाचा पातळ पत्रा घालून त्यावर खांब उतरवला, पुन्हा सुतासुतानं.

भिंतीचा गिलावा काढताना माजघराच्या कोपऱ्यात भिंत अचानक आत गेली. बळद. धान्य, दागिने ठेवायची भिंतीतली पोकळी. कधीतरी तोंड बुजवलेलं आणि वरून सिमेंट. मिस्त्री आमच्याकडे बघायला लागले, पुतणीनं मोबाइलचा दिवा लावला. आत कडक झालेला गाळ होता, राखाडी, थराथरांचा, पुराचा. त्यात धान्य मोजायचं एक पितळी चिपटं आणि कुजलेल्या ज्वारीचा काळा लगदा. एवढंच. मिस्त्रींचा चेहरा पडला. गाळाचा एक ढेकूळ पुतणीनं डब्यात घालून कॉलेजला नेला.

आता चुना. हे प्रकरण मी सोपं समजले होते. कळीचा चुना पिंपात पाण्यात सोडला की तो उकळतो, पाणी उसळून हातभर वर येतं. माझ्या चष्म्यावर अजून दोन पांढरे ठिपके आहेत. विरवलेला चुना सहा आठवडे पाण्याखाली ठेवला, लोण्यासारखा होईपर्यंत. जुन्या काळी तो वाळू आणि विटकरीबरोबर घाणीत मळत, बैल दगडी चाक फिरवायचे. आम्ही मिक्सर भाड्यानं आणला. एक भाग चुना, दोन वाळू, एक सुरखी म्हणजे विटांची पूड, आणि मळायला साध्या पाण्याऐवजी बेलफळाच्या गराचं आणि गुळाचं पाणी. बेल चिकटपणा देतो, गूळ चुना पसरायला मदत करतो. मला वाटलं गूळ थोडा जास्त घातला तर बरंच. तिसऱ्या दिवशी सबंध आळीतले मुंगळे आमच्या चौकात. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या घाणीच्या वेळी गुळाची ढेप स्वतःच्या पिशवीत ठेवली.

दुसरी चूकही माझीच. सिमेंट पाण्यानं आवळतं, आठवडाभरात. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला महिने लागतात, आणि तोवर त्याला एकदम सुकू द्यायचं नसतं. ओली गोणपाटं लावायची, सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. पहिला कोपरा झाला आणि मला घाई, म्हणून टेबलफॅन लावून गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. तो सबंध पट्टा खरवडून पुन्हा. चार दिवसांची मजुरी. काकूंनी तेव्हापासून शिंपडायचं काम स्वतःकडे घेतलं. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेली बादली भिंतीला देत.

जमीन सात इंच खाली घेतली, जुन्या पातळीला. तळखडे उघडे पडले, सगळे नऊ. शहाबादी फरशी मातीवरच बसवली, खाली सिमेंट नाही. रस्ता काही आम्हाला खाली नेता येत नव्हता, म्हणून देवडीत आडवी चर काढून पाणी गटाराकडे वळवलं. खर्च अंदाजाच्या दीडपट झाला, साडेअकरा लाख. त्या पैशात मला कोथरूडच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दोनदा बदलता आलं असतं. हे मला घरात ऐकवलं गेलं आहे, म्हणून इथे नोंदवते.

आराखडेही पुरे झाले. नऊ मोठे कागद, खणांसकट. काम चालू असतानाच, डिसेंबरात, बुधवार पेठेतला भिडे वाडा पाडला. १८४८ साली फुल्यांची मुलींची शाळा तिथे भरली होती. तिथे स्मारक व्हायचं होतं. पुतणी त्या दिवशी कॉलेजमधून थेट आमच्या चौकात आली आणि बराच वेळ नुसती मापं तपासत बसली, जी आधीच तपासलेली होती.

जूनमध्ये पाऊस आला. पंधरा दिवसांत चुन्याच्या भिंतीवर खालून वीतभर ओल चढली. माझ्या पोटात गोळा आला, इंजिनियर बाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "चढू दे." ऑगस्टपर्यंत ती गुडघ्याएवढी झाली, तिथे थांबली. नवरात्रात उतरायला लागली. दिवाळीला अण्णांना वाड्यात आणलं तेव्हा भिंत पांढरी, खडखडीत होती, फक्त खाली एक फिकट रेघ.

अण्णा काठी टेकत भिंतीजवळ गेले. तळवा टेकवून उभे राहिले. मग चौक ओलांडून पुढच्या बाजूला आले, जिथे त्यांचं १९७४ चं सिमेंट अजून आहे, कारण पैसे तिथेच संपले. ओसरीच्या डाव्या कोपऱ्यातून वर फुगवटा आलाय. त्यांनी काठीच्या टोकानं तिथे ठोकलं. एकदा, मग जरा बाजूला, मग पुन्हा.

"पोकळ आहे," म्हणाले. "हे कधी काढायचं?"